न सोडलेला बाण

बाण कुठे लागला हे सांगायला आपांना लक्ष्याकडे पाहावं लागत नसे. बाण मारणाऱ्या मुलीच्या शेजारी उभ्या राहून त्या तिच्या हनुवटीकडे पाहत आणि बाण सुटताच म्हणत, "डावीकडं गेला." जाऊन पाहावं तर डावीकडेच. मला आधी तो योगायोग वाटला. आठवडाभर पाहिल्यावर मी शंका घेणं सोडून दिलं.

आपा वाशीमजवळच्या मालेगावच्या, गाद्या भरणाऱ्यांच्या घरातल्या. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेल्या. नंतर शाळेमागच्या मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवत. लक्ष्यामागची जाड गादी त्यांच्या घरीच भरली जाई.

माझी मुलगी तनुजा बाण चुकला की धनुष्यावरच्या, नेम धरायच्या साइटचा स्क्रू फिरवायची. एकदा आपांनी तिच्या हातातला पाना काढून स्वतःच्या ओढणीला बांधला. "बाण एका जागी पडून राह्यले अन् ते जागा चुकीची असन, तं साइट सरकव. चारीकडं पांगून राह्यले तं साइटचा काय गुन्हा? सोताले सरकव."

दोरी ओढली की ती नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीच्या मधोमध टेकायची. डोळ्यासमोर तिची धूसर रेघ दिसते, ती दरवेळी साइटच्या कडेला त्याच जागी यायला हवी. नाही आली तर बाण सोडायचा नाही, दोरी हळूच परत आणायची. याला आपा 'उतरवणं' म्हणत. ताणलेलं धनुष्य उतरवताना दंड थरथरतात, आणि मन त्याहून जास्त. "सोडणं कोणालेबी येते," आपा म्हणत. "उतरवून दाखव."

राज्य स्पर्धेसाठी संघनिवड वाशीमला होती. शेवटचा बाण उरला तेव्हा तनुजा संघात बसत होती. साधारण बाणही पुरला असता. नेमका वारा सुटला. तिनं दोरी ओढली आणि उतरवली. पुन्हा ओढली, पुन्हा उतरवली. घड्याळ पळत होतं.

"आपा, सोड म्हणा ना तिला," मी म्हणाले.

"कशी म्हणू, ताई? दोरी हनुवटीवर बसूनच नाई राह्यली."

वेळ संपल्याचा भोंगा वाजला. बाण धनुष्यावरच राहिला, त्याचे गुण शून्य. संघात दुसऱ्या मुलीचं नाव लागलं.

"कुठंतरी लागलाच असता," मी चिडून म्हणाले.

"लागला असता. पोरगी संघातबी गेली असती. मंग जिंदगीभर घाई झाली का तसाच सोडत राह्यली असती."

आपल्याच हाताखालची मुलगी बाहेर पडताना या बाईची पापणी लवली नव्हती. तिच्याशी भांडायचं कसं, मला कळेना. तनुजा डोळे पुसत आली. आपांनी तिच्या हातातून धनुष्य घेतलं.

"दोनदा उतरवलं तू, बेटा. तुझ्या वयात मले एकदाबी नाई जमलं."

त्या उन्हाळ्यात आपा भावाकडे अकोल्याला गेल्या, त्या कायमच्याच. पुढच्या निवडीत तनुजा संघात आली. तिनं मैदानावरूनच त्यांना फोन लावला. आपांनी गुण विचारले नाहीत.

"उतरवला का कुठं?"

"एकदा, आपा. शेवटून दुसरा."

"बरं केलं. आता जेवून घे."

पेढ्यांचा डबा घेऊन मी शेजारीच उभी होते. माझ्याशी काही बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फोन ठेवला होता.