सावंतांचा बोका आणि चार प्रश्न

जनावरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याच्या पँटला केस चिकटतात, तसे त्याला किस्सेही चिकटतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच. आता मी थकलो. गुडघे बोलतात, झोप येत नाही. मग बसल्या बसल्या ते राहिलेले केस वेचतो.

शाळा मी बाहेरूनच बघितली. अक्षरं शिकवली ती आमच्या डॉक्टरांनी, औषधाच्या खोक्यांवरून. दवाखाना जोगेश्वरी पूर्वेला, चाळीच्या तळमजल्यावर, एका खोलीचा. गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरची ती वर्षं. डॉक्टर तरुण, मी त्यांचा मदतनीस. जनावर धरायचं, टेबल पुसायचं, गोळ्यांचे तुकडे करून पुड्या बांधायच्या. तेवढंच काम, पण पाठ मोडायची.

सगळे किस्से सांगत नाही. सावंतांच्या बोक्याचे सांगतो.

*

ताराबाई सावंत मालवणकडच्या. मागच्याच गल्लीत दुसऱ्या माळ्यावर राहायच्या. एक दिवस भाजीच्या पिशवीत बोका घालून आल्या. पिवळा, डोकं नारळाएवढं, एक कान फाटलेला. नाव बाबू.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? बाई म्हणाल्या, काही नाही, म्हातारा झालाय, आळशी झालाय. डॉक्टरांनी विचारलं, खाटेवर उडी मारतो का? नाही. खिडकीत बसतो का? पूर्वी बसायचा. मग आता काय करतो?

आता तो खाटेखाली उभा राहून ओरडतो. मग बाईंचे यजमान, सावंत, उठतात आणि त्याला वर घेतात. सावंतांचे स्वतःचे गुडघे गेलेले. उभं राहून साच्यावर, म्हणजे मागावर, जन्म काढलेला माणूस, गिरणी बंद पडल्यापासून घरात बसून. कोणाशी बोलत नाही, बोलला तर या बोक्याशी.

"एक लंगडो दुसऱ्या लंगड्याक उचलता," बाई म्हणाल्या. "डाक्टरांनू, ह्याका काय झाला तर ते घरात तोंड उघडूचे नाय."

डॉक्टरांनी मागचे पाय हळूच वाकवून बघितले. बोक्याने मला चावून घेतलं. संधिवात! तोवर मला वाटायचं, तो माणसांनाच होतो.

*

गोळी द्यायची म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा पडला. कारण त्याच्या आदल्याच महिन्यात एक झालं होतं.

एका शिकलेल्या घरातलं मांजर कण्हत होतं म्हणून घरच्यांनीच त्याला तापाची गोळी दिली. अर्धीच. आपल्या मुलाला देतो तीच. दुसऱ्या दिवशी आणलं तेव्हा त्याचं तोंड सुजलेलं, हिरड्या चॉकलेटी. संध्याकाळपर्यंत गेलं. मांजराचे मालक सारखे म्हणत होते, अहो पण अर्धीच दिली होती. ते गेल्यावर डॉक्टर बराच वेळ नळाखाली हात धूत उभे राहिले.

म्हणून बाबूला आधी काट्याला टांगून तोललं. दुसरी गोळी काढली, ॲस्पिरिनची. तिचा इवलासा तुकडा, वजनाप्रमाणे, तोही मध्ये दोन-तीन दिवस सोडून. डॉक्टरांनी बाईंना समजावलं, "माणसाच्या अंगातून ही लवकर निघून जाते. मांजराच्या अंगात दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. एक पाहुणा जायच्या आत दुसरा पाठवायचा नाही. आणि उपाशीपोटी कधीही नाही. ही दुखणं थांबवते, पण पोटात जखम करते. आतून रक्त गेलं की शी डांबरासारखी होते. तसं दिसलं तर गोळी बंद आणि तडक इकडे."

मग मला म्हणाले, "भिकाजी, पुडी देताना दर वेळी चार प्रश्न विचारायचे. जेवला का? पाणी प्यायला का? ओकला का? शी काळी झाली का? उत्तर मिळाल्याशिवाय पुडी नाही."

तेव्हापासून मी तेच चार प्रश्न विचारत राहिलो. इतक्या वेळा की एकदा घरी जावयाला विचारलं!

*

वार ठरले सोमवार आणि गुरुवार. दोन आठवड्यांनी बाई आल्या. पहिल्याच प्रश्नाला अडल्या. गुरुवारी बुधवारची उरलेली मासळी खातो म्हणाल्या, सोमवारी नाही. का नाही?

सोमवारी बाईंचा उपास. घरात मासळी नाही. बाबू मासळीशिवाय कशाला तोंड लावत नाही. म्हणजे दर सोमवारी बोक्यालाही उपास, आणि त्या उपाशीपोटात गोळी. वर पाटावर बसवून, देवाचं नाव घेऊन.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, तुमच्याकडे मासळी कधी असते? बुधवार, शुक्रवार, रविवार. झालं, गोळीचे वार बदलले. बुधवार आणि रविवार. डॉक्टर ब्राह्मणाचे. मासळीचे वार पाठ असलेला असा ब्राह्मण जोगेश्वरीत दुसरा नसेल.

*

मग श्रावण आला. महिनाभर मासळी बंद. बाई रडकुंडीला आल्या.

सुटका केली शेजारच्या फिलूमावशीने. इथल्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती. "आमाला कुठं श्रावण, ये बाबू," म्हणाली. ठरलं असं, की मासळी फिलूमावशी घालणार आणि गोळी ताराबाई देणार. पहिल्याच रविवारी फिलूमावशीने ताराबाईंच्या पुडीतली गोळी बांगड्यात घालून दिली, कारण तिला वाटलं तारा विसरली. ताराबाईंनी अर्ध्या तासाने दुसरी दिली, कारण ठरलंच तसं होतं.

दोघी धावत आल्या. फिलूमावशी चर्चची साडी नेसलेली, हातात जपमाळ. बोका पिशवीत घोरत होता. डॉक्टरांनी त्याला दिवसभर दवाखान्यात ठेवून घेतलं. दर तासाला मी त्याच्यासमोर पाण्याची वाटी धरायचो आणि तो माझ्याकडे उपकार केल्यासारखा बघायचा. त्याला काही झालं नाही. त्या दोघींना मात्र झालं. एकमेकींशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

त्यानंतर सावंतांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची सूत्रं हाती घेतली. गोळी दिली की निळी फुली. फुली असेल तर कोणी हात लावायचा नाही. गिरणीत पाळी बदलताना खूण करायचे म्हणे, तशी. संप फुटल्यापासून त्यांनी हातात घेतलेलं हे पहिलं काम. आणखी एक केलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फळकुटं ठोकून खाटेला दोन पायऱ्या केल्या. बाबू आता आपला आपण चढायचा.

*

गणपतीच्या आधी ताराबाईंनी घर झाडायला काढलं. जुनी पत्र्याची पेटी ओढली, तर मागे गोळीचे तुकडे. मोजले. अकरा.

ते कागदात बांधून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ओतले. बाबू गोळी गालात धरायचा, शहाण्यासारखा पेटीमागे जायचा आणि थुंकून यायचा. आणि आम्ही दोन महिने म्हणत होतो, औषध काय लागू पडलंय!

डॉक्टरांनी ते तुकडे बोटाने गोळा केले. म्हणाले, "म्हणजे बरं केलं ते सावंतांच्या पायऱ्यांनी."

तरी गोळी लागायचीच. थंडीत त्याचे पाय परत आखडले. मग तुकडा कुटून मासळीच्या कालवणात मिसळायचा आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसायचं. ते बसायचं काम सावंतांचं.

*

एकदा पुड्या पोचवायला मीच सकाळी त्यांच्याकडे गेलो. बाई पाण्याला गेल्या होत्या. सावंत खाटेवर, बाबू मांडीत. कॅलेंडरवर फुल्या एका रेषेत, कापडाच्या विणीसारख्या. मी चार प्रश्न विचारले. त्यांनी चारही उत्तरं दिली, शाळेतल्या पोरासारखी.

मग कोऱ्या चहाचा कप उचलला, उशीखालून पुडकं काढलं आणि दोन गोळ्या टाकल्या तोंडात. गुडघ्यासाठी. त्याच ॲस्पिरिनच्या, नाक्यावरच्या दुकानातून आणलेल्या. दिवसाला सहा होतात, म्हणाले. कधी आठ. पुढे ते बरे झाल्यावर मला म्हणाले की तेव्हा त्यांनी आकडा कमीच सांगितला होता.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जेवलात का?"

सावंत हसले. मी त्यांना हसताना प्रथमच बघितलं. "मी काय मांजर हाय, भिकाजी?"

मीही हसलो. पुड्या ठेवल्या आणि जिना उतरलो. खाली दुसरी कुत्री-मांजरं वाट बघत होती. उपाशीपोटी घेऊ नका, एवढं सांगायचं राहून गेलं. हे मात्र झटकून जात नाही.

*

नंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारी गर्दी होती. ताराबाई रांग मोडून आत आल्या. चेहरा पिठासारखा पांढरा. मी पुड्या काढल्या आणि न बघता सुरू केलं.

जेवला का? नाही, कालपासून नाही.

पाणी प्यायला का? घोटभर.

ओकला का? दोनदा.

माझा हात थांबला. शी?

"काळी. डांबरासारी."

डॉक्टरांनी टेबलावरचा कुत्रा खाली उतरवला. म्हणाले, गोळी बंद, बोक्याला आत घ्या, आधी सलाइन लावू. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. बाईंच्या हातात पिशवी नव्हती.

"बोको खंय आसा?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या महिन्यांत तेही मालवणी बोलायला लागले होते.

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"बोको घराक बरो आसा, डाक्टरांनू. मी ह्येंचा सांगतंय. असा इचारणारा दुसरा कोण माका ठावक नाय."

डॉक्टरांनी मला रिक्षा आणायला पाठवलं आणि दवाखान्याला कुलूप लावलं.