तिन्ही गावांचं पाणी

उशांना खोळी घालत होते. दोन घालून झाल्या, तिसरी उशी हनुवटीखाली धरून खोळीचं तोंड उघडत होते, तेवढ्यात बेल वाजली. उशी तशीच काखेत मारून दार उघडलं तर समोर मास्तरीणबाई. आमच्याच इमारतीत राहतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दारात उभ्या राहिल्या की अजून आपले केस नीट विंचरलेत ना, असं वाटतं.

"आहे का गं घरात तुझा दीर? गावं वसवणारा?"

"या ना बाई. आंघोळीला गेलेत, येतीलच आता."

गावं वसवणारा म्हणजे आमचे भावजी. ह्यांचे धाकटे भाऊ. धंद्याने प्लंबर. लग्न केलं नाही, आमच्याच मागच्या खोलीत राहतात. त्या खोलीत एका बाजूला पाने, पाइप, वॉशरचे डबे आणि दुसऱ्या बाजूला जुना घेतलेला, वाजवायचा कीबोर्ड. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या आहेत. दुरुस्त का करत नाही विचारलं, तर म्हणतात, "असू दे वहिनी, ती गावातली बंद घरं आहेत."

गाव म्हणजे त्यांच्या डोक्यातलं. एक नाही, तीन. एका टेकडीवर टाकी, तिथून पाणी आधी वरच्या गावाला, मग मधल्या, उरलंसुरलं खालच्या. प्लंबरच्या डोक्यात दुसरं काय येणार म्हणा! पण त्या तीन गावांत त्यांनी एवढी माणसं नांदती केली की आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना शेजाऱ्यांपेक्षा तिकडची जास्त माहिती. प्रत्येक माणसाला स्वतःची चाल. वरच्या गावातला बेकरीवाला पीठ मळायला नळ सोडतो, तशी त्याची चाल फुगत जाते, आणि खालच्या गावातल्या न्हाव्याची चाल बारीक होत होत शेवटी थेंब थेंब उरते. मग भावजी न्हाव्याच्या आवाजात बेकरीवाल्याचा उद्धार गातात आणि अख्खा हॉल खो खो हसतो. दर शनिवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये हा कार्यक्रम. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणायची.

आमचे हे म्हणतात, "दिवसभर लोकांचे नळ बंद करतो आणि शनिवारी स्वतः गळायला लागतो."

भावजींना चालींपेक्षा सांध्यांची काळजी. एकाची चाल संपते ते सूर दुसऱ्याच्या चालीचे पहिले सूर असायला हवेत, पाइपात पाइप बसतो तसे. "सांधा गळता कामा नये वहिनी, नाहीतर गावाला पाणी पोचत नाही." गेल्या शनिवारी त्यांनी एक नवीन बाई आणली होती. खालच्या गावातली एकटी बाई, विहिरीत तोंड घालून लेकीशी बोलणारी. लेक दूर गेलेली. बाई विचारते, "जेवलीस का गं?" आणि स्वतःच बारीक आवाजात उत्तर देते, "जेवले की आई, तूच उपाशी असशील." भावजींनी दोन्ही आवाज असे काही काढले की हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात मोठ्याने मीच हसले. टाळी दिली ती शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंना.

त्यांनी ती घेतली नव्हती, हे मला आत्ता, उशी काखेत धरून उभी असताना आठवलं.

भावजी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. "बाई! काय, परत तुंबलं का सिंक?"

"सिंक ठीक आहे. ती विहिरीवाली बाई कोण रे?"

"कुणी नाही. मनातली आहे."

"मनात कुठून आली?"

भावजींनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मी म्हटलं, "बाई, पाणी आणू का?" त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"माझं सिंक केलंस त्या दिवशी फ्रिज सरकवताना फोनची तार भिंतीतून काढली होतीस ना? मला संध्याकाळी झाडताना दिसली. मला वाटलं, बरं झालं बाई, त्याच्या लक्षात नाही आलं." बाईंनी भावजींकडे रोखून पाहिलं. "शनिवारी कळलं, आलं होतं. नुसतं लक्षात नाही, तालातसुद्धा आलं होतं."

मला अजून कळेना. मग बाईंनीच माझ्याकडे वळून सांगितलं. शाळेत फळ्यावर लिहिताना बोलत असतील तशा सरळ आवाजात. त्यांची लेक फोन करत नाही. बरीच वर्षं झाली. पण घरात कुणी आलं की त्या फोन उचलतात आणि लेकीशी गप्पा मारतात. कुणी कीव करू नये म्हणून. त्या दिवशी भावजी सिंकखाली होते आणि बाई तार काढलेल्या फोनवर हसून हसून बोलत होत्या.

(हे वहीत लिहू का, म्हणून मी बाईंना नंतर जाऊन विचारलं. मला रोजचं लिहायची सवय आहे आणि माझी वही सगळं घर वाचतं. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त मजला लिहू नकोस.")

"मी टिंगल नव्हती केली बाई," भावजी म्हणाले. टॉवेलचं टोक पिळत होते. "देवाशपथ. तिन्ही गावांत मला तीच सगळ्यात आवडते."

"ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लागलं. टिंगल केली असतीस तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. परत दे ती मला."

"मी बदलतो तिला. बाईचा बुवा करतो. विहिरीऐवजी टाकी घेतो. कुणाला कळणार नाही."

"पडदे बदललेस म्हणून घर दुसऱ्या कुणाचं होतं का रे? मला कळेल. काढ तिला." आणि जाता जाता, "शनिवारी मी येणार आहे. पुढेच बसणार आहे."

त्या गेल्यावर मी उशी खाली ठेवली. भावजी माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडायला मन धजेना. मी रोज देवाला सगळं सांगते. दूध नासलं तेही सांगते. तो ऐकतो, उत्तरही देतो, ही माझी श्रद्धा आहे आणि ती कुणी हलवू शकणार नाही. पण दाराच्या फटीतून कुणी बघितलं तर त्याला काय दिसेल? एक बाई, एकटीच, बोलतेय. आणि असंच बोलणाऱ्या बाईला मी पोट धरून हसले होते. देवा, तू हसला नाहीस कधी मला.

पुढचे काही दिवस भावजींचं जेवणावर लक्ष नव्हतं. आधी चिडले. "कुणाला कळलंय वहिनी? हॉलमधल्या एकाला तरी कळलं का?"

"त्यांना कळलं ना."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "अरे, एक चाल काढायला एवढं काय? दात काढतात लोक."

"दात नाही दादा, ती टी आहे." टी म्हणजे तीन पाइप जिथे मिळतात तो जोड. भावजींनी ताटाशेजारी बोटाने रेघा काढून दाखवल्या. ती बाई सुचली आणि इतकी वर्षं लोंबकळत राहिलेले सगळे सांधे एकदम जुळले. वरच्या गावातली घंटा तिच्या 'जेवलीस का' या सुरांवर संपते. मधल्या गावातला पोस्टमन तिथूनच निघतो. न्हाव्याच्या शिव्यांखाली तिचीच चाल सावकाश वाजते. "तिला काढली तर तिन्ही गावांचं पाणी तुटतं. पहिल्यांदा मला ती तीन गावं एक वाटली होती, दादा. पहिल्यांदा."

ह्यांनी भाजीची वाटी भावाकडे सरकवली. टोमणा न मारता, म्हणजे मोठीच गोष्ट.

मग भावजींनी जे सांगितलं ते ताटाकडे बघत सांगितलं. "मी सिंकखाली होतो. तार माझ्याच हाताने काढलेली. बाई बोलायला लागल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. निदान खोकायला तरी हवं होतं, की मी इथे आहे. मी पान्यावर बोटाने ताल धरला वहिनी. त्या श्वास कुठे घेतात ते बघत होतो. मला आनंद झाला होता."

त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं बघवेना. मी उठून उगाच भांड्यांवर झाकणं ठेवत राहिले.

शनिवारी हॉल नेहमीपेक्षा जास्त भरला. विहिरीवाल्या बाईचं नाव झालं होतं ना! मास्तरीणबाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली.

भावजींनी सुरुवात केली. बेकरीवाला आला, वरच्या गावाची घंटा झाली. जिथे घंटेचे सूर बाईच्या चालीत उतरायचे तिथे त्यांनी हात उचलले. काहीच वाजेना. मधल्या गावातला पोस्टमन सुरू केला, तर तो कुठून तरी मधूनच उगवल्यासारखा वाटला. सांधा गळत होता. मला गाण्यातलं कळत नाही, पण तेवढं मलाही ऐकू आलं.

"काय हो, टाकी साफ करताय का?" चष्म्यांचा दुकानदार मागून ओरडला. हशा.

"विहिरीवाली घ्या! विहिरीवाली!" टाळ्यांचा ठेका सुरू झाला.

भावजी उभे राहिले. हा माणूस खरं बोलायची सवय असलेला. आता म्हणेल, ती चाल माझी नव्हती, जिची होती तिला परत दिली. आणि मग सगळी इमारत दारोदार शोधत सुटेल, कुणाची होती म्हणून. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, भावजींच्या तोंडून खोटं येऊ दे. असलं मागणं मी जन्मात मागितलं नव्हतं.

"विसरलो," भावजी म्हणाले.

"विसरलात? तुम्ही?" ज्या माणसाला न्हाव्याच्या मेहुण्याची चालसुद्धा पाठ, तो विसरला, यावर कोण विश्वास ठेवणार!

"विसरलो. जमत नाही ती मला. परत येणार नाही."

"गेल्या आठवड्यात तर मस्त जमली होती की! वय झालं आता, लग्न करा!" चष्मेवाल्याला पुन्हा हशा मिळाला. भावजी तसेच उभे, हात मुक्या पट्ट्यांवर. पुढचं वाजवायचा प्रयत्न केला, न्हावी मध्येच अडला, आणि लोक हळूहळू खुर्च्या उचलायला लागले. कुणी "पुढच्या वेळी तयारी करून या" म्हणालं. ह्यांनी न सांगता कीबोर्डची वायर गुंडाळायला घेतली.

मास्तरीणबाई शेवटपर्यंत बसल्या. मग खुर्ची मिटली. भावजींसमोरून जाताना थांबल्या नाहीत. मला जिन्यात म्हणाल्या, "शाळेत 'विसरलो' म्हणणारी खूप पोरं पाहिली मी. खोटं बोलताना एवढं लाल झालेलं कुणी नव्हतं." मला वाटलं पुढे काही म्हणतील, त्याला घरी पाठव वगैरे. म्हणाल्या नाहीत. त्यांचं दार नेहमीसारखं लागलं.

कीबोर्ड आता पलंगाखाली आहे. मी विचारलं तर भावजी म्हणाले, गावं आहेत, पण वेगवेगळी झालीत, कुणाचं पाणी कुणाला पोचत नाही. त्यांना त्याचं वाईट वाटतं आणि वाईट वाटण्याची पुन्हा लाज वाटते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं. मलाही बाईंच्या दारावरून जाताना पाय उचलवत नाही.

एक मात्र बदललंय. हल्ली कुणाच्या घरी काम करताना भावजी सिंकखालूनसुद्धा सारखे काही ना काही बोलत राहतात. पाना पडला, वॉशर सडलाय, पाइप गंजलाय, काहीही. बेकरीवाल्याची बायको (खरीखुरी, कोपऱ्यावरची) तक्रार करत होती, तुमच्या दिराला हल्ली काय झालंय, तोंड मिटत नाही. मी म्हटलं, बोलू दे त्यांना. घरातल्यांना कळायला हवं की खाली माणूस आहे.

आज सकाळी ते दंतवैद्यांकडे बेसिनचा पाइप बदलायला गेलेत. तिथे खुर्चीत आ वासून बसलेल्यालाही कळेल, खाली माणूस आहे.