करंगळीचं नख

शहागडच्या पुलाअलीकडे त्याचं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान होतं. त्याची बाकीची नखं काळी, तुटकी. उजव्या करंगळीचं मात्र वाढवलेलं आणि स्वच्छ. ते शर्टाला पुसून तो तड्यावरून हळूच फिरवायचा. तेवढा वेळ कुणाला बोलू द्यायचा नाही.

माझ्या पहिल्या गाडीची समोरची काच तडकली, तेव्हा शोरूमवाले म्हणाले, आपोआप तडकली असेल तरच वॉरंटीत बसेल, तसं काचवाल्याकडून लिहून आणा. त्यानं नख फिरवलं. ते मधेच अडकलं.

"गुरुजी, हितं खड्डा लागून राह्यला. दगड बसलाय बराबर."

"तेवढं लिहून द्यायला तुझं काय जातं?" मी चिडलो.

"देतो की लिहून. पण उद्या तुमची काच खरंच आपोआप तडकली, मंग माझं कोन ऐकंल?"

मी कागद न घेताच निघून आलो. पुढं दुसऱ्या गाडीची काच नुसती उन्हात उभी असताना तडकली. शोरूमवाले दगडच म्हणत राहिले. तेव्हा तो दुकान बंद करून माझ्यासोबत जालन्याच्या शोरूमला आला आणि त्यानं मॅनेजरचंच बोट धरून तड्यावरून फिरवलं. खड्डा सापडेना. काच बदलून मिळाली.

रस्ता रुंद झाला, त्यात त्याचं दुकान गेलं. तो कुठं गेला, कुणाला सांगता येत नाही.

परवा पुन्हा काच तडकली. आता वॉरंटीचं सगळं मोबाइलवर. फोटो पाठवायचा, कारण लिहायचं. फोटो काढण्याआधी मी करंगळीचं नख शर्टाला पुसलं आणि फिरवलं. ते मधेच अडकलं.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, दगड लागला.