माळाचा हिवाळा

जानेवारीतला गुरुवार. पहाटेचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि रंगुबाई गर्जे मोबाईलच्या उजेडात गवत तुडवत होत्या. वय बासष्ट, डोक्याला मफलर, हातात काठी. कुसळी गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं. त्याखाली मुंगेवाडीहून झऱ्याकडे आणि पुढे खर्ड्याच्या रस्त्याला जाणारी पायवाट बुजली होती. सव्वासहाला वन खात्याच्या अधिकारी ती वाट बघायला येणार होत्या. रंगुबाई काळ्या खडकापर्यंत जाऊन परत फिरत होत्या, खडकाच्या पुढे नाही.

रंगुबाईंनी एकतीस हिवाळे उसाच्या फडात काढले. दिवाळी झाली की वाडीला कुलपं लागायची, ती उन्हाळा लागल्यावर उघडायची. सहा वर्षांपूर्वी कंबर गेली आणि थंडीत घरी राहण्याची पहिलीच वेळ आली. चुकलेली शेळी शोधत त्या भल्या पहाटे माळावर गेल्या आणि खडकापाशी थांबल्या. पुढच्या गवतातून पक्षी उठत होते. मोठे, लांब पंखांचे, एकामागून एक. दोनशेपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

ते भोवत्या होते. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येऊन हा शिकारी पक्षी थंडीत आपल्याकडे राहतो आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतो. रंगुबाईंना हे नंतर कळलं. उन्हाळ्यात त्यांनी वाडीला सांगून पाहिलं. "ऊस सुटला आन मावशीला विमानं दिसाया लागली," असं ऊसतोड टोळीचा मुकादम गहिनीनाथ सानप म्हणाला. वाडी हसली.

माळ कडेकडेनं नांगराखाली जात होता. रंगुबाईंनी चार वर्षं अर्ज केले. मागण्या दोनच होत्या: माळ राखा आणि वाट खुली ठेवा. मागच्या ऑगस्टात ग्रामसभेत खात्याच्या माणसानं विचारलं, पाहणीला कधी येऊ? "थंडीत या, पाखरं दिसत्याल," रंगुबाई म्हणाल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाहणी डिसेंबरात झाली. पक्षी दिसले, त्यांची नोंद झाली. वाटेवर मात्र माणूस नव्हता, वाडीत बावन्न दारांना कुलपं होती. खात्याचा मसुदा आला तेव्हा माळ संवर्धन राखीव होणार होता, भोवती कुंपण पडणार होतं आणि वाटेपुढे लिहिलं होतं, 'वापर आढळला नाही.' चार वर्षं मागितलेलं मिळालं असतं आणि रंगुबाई कुंपणाबाहेर राहिल्या असत्या. त्यांनी हरकत घेतली. फेरपाहणीला एकच सकाळ मिळाली.

त्यांनी राहात्याकडच्या फडावर असलेल्या मुलाला, बजरंगला, फोन लावला.

"बेस्तरवारी किती जण येता?"

"आई, टोळी सोडून कसं यायचं? मुकादम गाडीखाली घालीन मला."

"मग त्यालाबी घेऊन ये. त्याचीबी वाट हाय ती."

गुरुवारी सहाला टेम्पो आला. एकोणीस माणसं उतरली, गहिनीनाथ सगळ्यात शेवटी. पाठोपाठ वनक्षेत्रपाल निकिता शेटे आल्या. त्यांनी पायाखाली बॅटरी मारली.

"आजी, ही तर आजच तुडवलेली दिसते."

"व्हय. हितनं खडकापतुर मी तुडवली. पुढची न्हाई. पुढं पाखरं निजल्यात."

सगळे खडकाआड बसले. सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी गवतातून पहिला पक्षी उठला. मग चार. मग माळच हलल्यासारखा झाला. दाट गवतातून शेकडो पंख वर आले, आवाज जवळजवळ नाहीच. काही पक्षी माणसांच्या डोक्यावरून इतक्या खालून गेले की पोटावरच्या रेघा दिसल्या. वर आभाळ फिकट होत होतं आणि ते भरलं होतं. तंबाखू मळणाऱ्या बजरंगचा अंगठा तळहातावर तसाच थांबला. याच माळावर शेळ्या राखून मोठी झालेली ही माणसं. यातल्या कुणीही माळाचा हिवाळा पाहिलेला नव्हता.

गहिनीनाथनं हळू आवाजात विचारलं. "मावशे, कवापासून येत्यात ही?"

"तुमी गेल्यावर येत्यात. तुमी यायच्या आत जात्यात."

माळ रिकामा झाल्यावर सगळे झऱ्यापर्यंत चालत गेले. कोण पाण्याला यायचं, कोण बाजाराला, हे ज्यानं त्यानं सांगितलं. निकिता शेटेंनी सगळं लिहून घेतलं आणि पेन थांबवलं. "पण ही वहिवाट बारमाही नाही. तुम्ही सहाच महिने असता."

"मॅडम, पाखरंबी सहाच म्हैने हायती," गहिनीनाथ म्हणाला. "त्यांची नोंद घेतली न्हवं?"

टोळी हसली. निकिता शेटे हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून 'हंगामी वहिवाट आढळली' असं लिहिलं. मग रंगुबाईंकडे पाहिलं. "थंडीत पहाटे माणसं चालली तर पक्षी उठतील, त्याचं काय?"

"शेवटचं पाखरू उठंस्तवर कुनी खडक वलांडायचा न्हाई. लिवा तसं."

ती अटही पंचनाम्यात गेली. खाली एकोणीस सह्या आणि अंगठे झाले, विसावा रंगुबाईंचा. वाट खुली ठेवायची की नाही, हे जिल्ह्याच्या बैठकीत ठरायचं आहे. आठ वाजता टेम्पो राहात्याकडे परतला.

उद्या शुक्रवार. सूर्योदय सात वाजून चार मिनिटांनी आहे. रंगुबाई सहा वीसला खडकाच्या अलीकडे असतील.