एकच प्रश्न हिंदीत

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर होते. शनवारा पेठेतल्या आमच्या खोलीत, खचलेल्यांचे फोन घेणाऱ्या संस्थेचा फोन कानाला लावलेला, आणि टेबलावर माझा मोबाइल आवाज बंद करून ठेवलेला. त्यावर त्यांच्या मुलाचं, संजयचं नाव उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. मला कळलं. पण पलीकडे एक वयस्क गृहस्थ रडत होते, आणि जिवाला कंटाळलेल्या माणसाला ‘जरा थांबा हं’ म्हणता येत नाही.  मी ‘हं... ऐकतेय मी’ म्हणत राहिले आणि ते नाव बघत राहिले. कुमुदताई गेल्याचं कोणी सांगण्याआधी बराच वेळ मी ते एकटीच जाणून होते.

आमच्या दोघींचे नवरे एकाच कागद कारखान्यात. निवृत्तीनंतर दोन्ही बिऱ्हाडं मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात आली आणि शेजार पुढे चालू राहिला. कुमुदताईंचं माहेर तापीकाठचं, केळीवाल्यांचं. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. वीज चमकली की टीव्हीची वायर काढणार, संजयला यायला उशीर झाला की देव पाण्यात ठेवणार. शब्दांना तर त्या पालीपेक्षा जास्त भ्यायच्या. त्यांच्याकडे तांदूळ कधी संपत नसत, ‘वाढत’. बांगडी फुटत नसे, तीही ‘वाढे’. घरात अभद्र बोललं की वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, यावर त्यांचा पक्का विश्वास. अशा बाईने, मनाने खचलेल्यांचे फोन घेण्याच्या कामाला माझ्यासोबत नाव दिलं तेव्हा मला हसूच आलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “घाबरलेल्या लोकायचंच काम हाये ना वं ते? मग मले जमते.”

प्रशिक्षणाला इंदूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी बजावलं, आडून आडून बोलू नका, संशय आला की सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला तो कुणाला तरी सांगता येतो. आम्हाला पटलं. कुमुदताईंनाही पटलं, पण जीभ उचलेना. ‘जिवाचं बरं-वाईट’च्या पुढे गाडी जाईना. शेवटी तोड त्यांनीच काढली. सगळं बोलणं मराठीत चालायचं, तो एक प्रश्न हिंदीत. “मरने का खयाल आता है क्या?” विचारून झालं की सुस्कारा टाकून परत मराठीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, “वास्तुपुरुष आपला मराठी हाये. हिंदीतलं तो मनावर नाही घेत.” मी चिडवलं, की या गावात राहून तोसुद्धा एव्हाना हिंदी शिकला असेल. मी गमतीने म्हटलं, पण त्या खरोखरच काळजीत पडल्या.

फोनवरचं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम. म्हणून ओळख पटेल असं सगळं बदलून एवढंच सांगते. एका दुपारी कुमुदताईंना एका सुनेचा फोन आला. मी समोरच्या खुर्चीत होते, फोन स्पीकरवर होता. फोन वाजला की आजही मनात येतं, कोण असेल, आपण काय बोलून बसू, आणि आपल्या एका चुकीच्या शब्दाने... हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नाही. ती मुलगी त्यांच्याशी ‘मावशी, मावशी’ करून बोलत होती. रडत नव्हती, आणि तेच मला धोक्याचं वाटत होतं. आवाज अगदी सपाट, सगळं आवरून झाल्यासारखा. कुमुदताईंनी आपला हिंदी प्रश्न विचारला. स्पीकरवरून लगेच उत्तर आलं, “नहीं नहीं मैडम, ऐसा कुछ नहीं है.”

मैडम. कुमुदताईंचा चेहरा उतरला. आम्ही इकडची मराठी माणसं तहसीलमध्ये, दवाखान्यात, बँकेत हिंदी बोलतो, आणि तिथे सगळं ठीक आहे असंच सांगायचं असतं. त्या एका प्रश्नात त्या मावशीच्या मैडम होऊन बसल्या होत्या. पलीकडून ती “ठेवू का?” म्हणाली.  कुमुदताईंनी डोळे गच्च मिटले आणि विचारलं, “बाई, थांब. तुले मरावं वाटते का?”

  मग ती म्हणाली, “हो मावशी.” आणि रडायला लागली. त्यानंतर कुमुदताईंनी फार काही सांगितलं नाही. ऐकलं. शेजारी कोण असतं ते विचारलं, तिला तिथे जायला लावलं, आणि तिथल्या बाईचा आवाज कानावर येईपर्यंत फोन सोडला नाही. ठेवल्यावर मात्र मी त्यांना पाणी पाजलं. “मी बोलले वं ते, शैला. मराठीत बोलले...” एवढंच पुन्हा पुन्हा.

आमच्या कामात पुढे काय झालं ते कळत नाही. भीती ती हीच. त्यानंतर कुमुदताईंनी वर्तमानपत्राचं, अशा बातम्या येतात ते आतलं पान उघडणं बंद केलं. आधी मी बघायचं, मग त्यांनी. आपला शब्द खरा झाला असेल, या धास्तीने त्या अर्ध्या झाल्या. मग एकदा आम्ही इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेत असताना त्यांनी एकदम माझा दंड धरला. आमच्या पाठीमागे कुणी बाई मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडत होती. वळून बघायचं नाही, हा नियम. कुमुदताई वांग्यांकडे बघत उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “तीच हाये,” त्या कुजबुजल्या. “कशी भांडते पाय ना.” मला तो आवाज ओळखता आला नाही. मी हो म्हटलं.

मग त्यांचं आजारपण आलं. डॉक्टरांनी संजयला सांगितलं, संजयने मला, आणि त्यांना कुणीच नाही. घरात सगळे ‘बरं वाटेल, बरं वाटेल’ करत फिरायचे. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला एक विचारायचं होतं. त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर तो शब्द मराठीत उच्चारवेना. अखेर तोंडातून निघालं ते असं, “ताई... डर लगता है क्या?”

त्यांनी मान वळवली. क्षीण हसल्या. “मराठीत इचार.”

मी विचारलं, “ताई, मरणाची भीती वाटते का?”

“हो,” त्या म्हणाल्या. “लई वाटते. बस थोडी.”

मी बसले. त्या पुष्कळ बोलल्या. ते मी लिहिणार नाही. लोक म्हणतात, कुमुदताई शांतपणे गेल्या. तसं नाही. त्या घाबरलेल्या होत्या, आणि ते त्यांना कुणाला तरी सांगता आलं.

आता त्यांच्या पाळीलाही मीच बसते. भीती कमी झालेली नाही. एकटीने बसायचं म्हणजे ती जास्तच वाटते. प्रश्न मी मराठीत विचारते, हिंदीत बोलणाऱ्याला हिंदीत. विचारल्यावर पलीकडे जी शांतता होते, तेवढ्यात वाटतं, फोन ठेवून घरी निघून जावं. परवा त्या शांततेनंतर एक बाई हळूच म्हणाल्या, “हो.”

मी खुर्ची पुढे ओढली.