त्रुटीबाई आणि तिचा वर्ग

माझ्या धाकट्या जावेला ऑफिसात आणि घरात सगळे त्रुटीबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागात तिने उभा जन्म काढला. नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग, गृहिणींसाठी दुपारचे, असलं सगळं तिथे चालतं. पण असा वर्ग सुरू व्हायचा तर आधी समितीकडून अभ्यासक्रम मंजूर व्हावा लागतो, आणि तो शिकवणारा माणूस वेगळा मंजूर व्हावा लागतो. दोन्ही प्रस्ताव आधी हिच्या टेबलावर. ही कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची आणि लाल पेनाने लिहायची, 'खालील त्रुटींची पूर्तता करावी.' ती सवय इतकी मुरली की माझ्याकडे चहाचा पहिला घोट घेतला की म्हणणार, "चहा प्राप्त झाला, जाऊबाई. साखरेची पूर्तता व्हावी."

बाई हुशार, एम.ए.ला पहिला वर्ग. पण विभागातल्या कर्मचाऱ्याला त्याच विभागात शिकवता येत नाही, हा तिथला नियम. म्हणजे दुसऱ्यांना शिक्षक म्हणून मंजुरी मिळवून द्यायची, आणि मग तेच लोक आपल्यासमोरून 'सर' नि 'मॅडम' होऊन मिरवताना बघायचे. केक शिकवणाऱ्या एका बाईंना विद्यार्थ्यांनी फुलं दिली, तर ही आठवडाभर धुमसत होती. "मैदा चाळायला शिकवते, आणि म्हणे मॅडम!"

निवृत्तीनंतर आपण 'कार्यालयीन लेखन' शिकवायचं, असा तिचा बेत होता. तो फक्त मला माहीत. "कुठे बोलू नका हं. लोक विषय पळवतात."

विषय पळवला तो सख्ख्या धाकट्या बहिणीने. तिला बिचारीला कल्पनाही नव्हती. विमा कंपनीतली नोकरी सोडून ती मोकळी झाली होती. एका सकाळी हसत हसत ऑफिसात आली आणि प्रस्ताव ताईपुढे ठेवला. "ताई, बघ तरी! कार्यालयीन लेखन. तुझ्याच वळणावर गेलेय की नाही?"

एकाच विषयाचे दोन अभ्यासक्रम मंजूर होत नाहीत. हिच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन धाडकन बसली.

"लहानपणापासून हेच. दोघींना सर्दी झाली तरी कौतुक तिच्या शिंकेचं. नाटकातली भाषणं मी तिच्याकडून घोकून घेतली, टाळ्या तिला. आता हेही."

"मग सांग की तिला सरळ, की तुला शिकवायचंय."

"सांगते! म्हणजे ती म्हणणार, 'अय्या ताई, तूच घे ना!' तेव्हाही आपल्यातलं अर्धं बिस्कीट असंच द्यायची, आणि आई म्हणायची, बघा, धाकटी असून मन केवढं! जाऊबाई, मला ते बिस्कीट नको."

मग हिने शस्त्र उपसलं. उद्दिष्टे मोघम आहेत, प्रस्ताव परत. तासांची विभागणी नाही, परत. परीक्षा कशी घेणार ते स्पष्ट नाही, पुन्हा परत. आपल्या निवृत्तीपर्यंत तो असाच झुलवायचा, एवढाच डाव. पण धाकटी कंटाळेल तर ना! दर वेळी सगळं दुरुस्त करून हजर. वर म्हणते कशी, "तुझ्यामुळे किती सुधारलं गं, ताई!" हिच्या जिवाचा नुसता तिळपापड.

शेवटी हिने जालीम त्रुटी काढली. शिकवणाऱ्याला विद्यापीठाच्या किंवा सरकारी कार्यालयाचा प्रत्यक्ष अनुभव हवा, तशी अट प्रस्तावात नाही. धाकटीला असा अनुभव कुठला? आता गप्प बसेल, असं हिला वाटलं. त्या भाबडीने अट मुकाट्याने घालून टाकली आणि प्रस्ताव परत आणून दिला. आता काढायला त्रुटीच उरली नाही. समितीपुढे ठेवावाच लागला.

बैठकीचं इतिवृत्त लिहायला हीच. विभागप्रमुखांनी पानं उलटली. "इतका निर्दोष प्रस्ताव या विभागात मी पाहिला नव्हता. अभ्यासक्रम मंजूर. पण या बाई स्वतःच घातलेल्या अटीत बसत नाहीत. शिक्षक नामंजूर."

हिने 'नामंजूर' हा शब्द इतक्या प्रेमाने लिहिला म्हणे, की पेनाला कागद सोडवेना.

बाहेर बसलेल्या धाकटीला आत बोलावून निर्णय सांगितला. ती खळखळून हसली. "मग ताई आहे की! आता निवृत्तच होतेय. सगळं घडवलंय तिनेच. तिलाच द्या ना!"

समितीने माना डोलावल्या. विभागप्रमुख धाकटीकडे बघत म्हणाले, "बहीण असावी तर अशी."

ही तिथून तडक माझ्याकडे. "दिलं शेवटी. बिस्कीट."

"मग नको म्हण."

"वेड लागलंय का मला?"

निवृत्त झाली, रीतसर मान्यता मिळाली, वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मला ओढून मागच्या बाकावर बसवलं. पुढच्या बाकावर कोण? धाकटी. फी भरून, नवी वही घेऊन. "ताईचा वर्ग, आणि मी नसणार होय?"

शिकवलं झकास, खोटं कशाला बोलू? पण मधल्या सुट्टीत सगळा वर्ग धाकटीच्या बाकाभोवती. तिच्या विमा कंपनीतल्या गमती चाललेल्या, हशा पिकलेला. एक गृहस्थ तर तिलाच विचारायला लागले, "मॅडम, अर्जाचा विषय मायन्याच्या वर लिहायचा की खाली?"

"अहो, मॅडम त्या! मी तुमच्यासारखीच."

त्रुटीबाई फळा पुसत होती. पुसलेला फळा पुन्हा पुसला.

तास संपताना सगळ्यांनी अर्ज लिहून दिले. हिने पहिला उचलला तो धाकटीचा. चष्मा खाली, चष्मा वर, लाल पेन हवेतच. त्रुटी सापडणार कशी? इतक्या खेपांत घोटून घेतलं होतं हिनेच. अखेर कोपऱ्यात लिहिलं, 'अक्षर बरे. सुधारणेस वाव.'

धाकटीने वाचलं आणि मान लववून म्हणाली, "थँक यू, मॅडम."

शिक्षिका म्हणून जन्मात पहिल्यांदा तो शब्द हिच्या वाट्याला आला. चेहरा कसा उजळला होता, सांगू! रिक्षात बसेपर्यंत टिकला. मग माझं कोपर धरून म्हणते,

"जाऊबाई, तुम्ही मागे होतात, तरी तुम्हाला ऐकू आलं असेलच. ते मॅडम तिने कुठल्या सुरात म्हटलं हो?"