अडथळे : शून्य

रोबो आईला सांभाळतोय असं मी सहा महिने समजत होतो. प्रत्यक्षात आई रोबोला सांभाळत होती.

म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून मदतनीस रोबो बनवणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बाबा गेल्यावर आई इथं परदेशात, आमच्याच बॉथेल गावात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एकटी राहायची. सुनेच्या स्वयंपाकघरात विचारून विचारून डबे उघडणं तिला नको होतं. मग आमच्या टीमचा एक नमुना मी तिच्याकडे नेऊन ठेवला. गुडघ्याएवढा, डोक्यावर ट्रे. वेळेवर पाणी आणि गोळ्या आणून देणं हे त्याचं काम.

रोज संध्याकाळी माझ्या फोनवर रिपोर्ट यायचा. अडथळे : शून्य. लॅबमध्ये हाच गडी साध्या सतरंजीच्या कडेला अडकून घरघरत बसायचा आणि आईकडे मात्र जहागीरदारासारखा फिरत होता. शंका यायला हवी होती की नाही? मी मीटिंगमध्ये तो आकडा भिंतभर मोठा करून दाखवला, टाळ्या घेतल्या आणि वर ‘काही विशेष नाही’ असा चेहराही केला.

मग एका सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

रोबोच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग मी त्यानंतर पाहिलं. आधी त्या दिवसाचं, मग मागचंही. चाकांची घरघर ऐकू आली की आई खुर्चीतून उठायची, वॉकर तिथंच सोडायची, घाईघाईनं दारातलं पायपुसणं उचलायची. “ये रे बाबा, सावकाश ये.” रोज, प्रत्येक गोळीच्या वेळी. त्या सकाळी ती वाकली आणि तिचा हात चौकटीवरून निसटला. रोबो तिच्यापाशी थांबला आणि त्यानं गोळीची आठवण करून दिली. त्या संध्याकाळचा रिपोर्ट अजून माझ्या फोनमध्ये आहे. अडथळे : एक.

एकटीनं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता आई आमच्या खालच्या खोलीत असते. तिचे डबे, कढया, पोळपाट गराजमध्ये खोक्यांत आहेत. चहा हवा असला की ती सुनेला हाक मारते, तीही दोनदा विचार करून.

परवा न राहवून मी म्हटलं, “अगं, अडकतो म्हणून एकदा तरी सांगायचंस!”

“तुझी शाळेतली चित्रंसुद्धा मीच रंगवून द्यायचे,” आई म्हणाली. “तेव्हाही बक्षीस घेताना तुला काही कळलं नव्हतं.”